उत्कृष्ट महिला पशुपालक भगवानराव

तालुक्याच्या पशुप्रदर्शनात ‘उत्कृष्ट महिला पशुपालक’ या गटात सावळखेडीचे भगवानराव खर्चे मिशीसकट पहिले आले.

हे असं काही झालेलं नाही. सावळखेडीत कोणालाही विचारा. तो सांगेल की यंदा प्रदर्शन भरलंच नाही, भरलं असेल तर आमच्या गावचं कोणी गेलं नव्हतं, आणि गेलं असेल तर बैल घेऊन गेलं होतं. भगवानरावांच्या ओसरीत एक खिळा आहे, त्यावर प्रशस्तिपत्र नाही. खिळा कशाला ठोकला विचारलं तर ते म्हणतात, कॅलेंडरसाठी. कॅलेंडर शेजारच्या खिळ्यावर आहे.

तर जे झालं नाही ते असं झालं.

भगवानरावांच्या बायकोची, शालूबाईची, एक म्हैस होती. म्हणजे पहाटे पाचला उठून शेण शालूबाई काढायची, कुटार-ढेप शालूबाई घालायची, पाणी शालूबाई पाजायची, दोन्ही वेळची धार शालूबाई काढायची, आणि म्हैस भगवानरावांची होती.

खरं तर ही म्हैस अगदी वगार असताना शालूबाईच्या बापाने रोहिणखेडहून टेम्पोत घालून, कपाळाला कुंकू लावून लेकीकडे पाठवली होती. पण दोन वर्षांपूर्वी तालुका पशुधन संघाचा इंद्रभान जनावरांच्या कानाला बिल्ले मारायला गावात आला. त्या वेळी शालूबाईच्या एका हातात दावं होतं, दुसऱ्या हातात शेपूट होतं आणि तोंडाने ती म्हशीची समजूत काढत होती. इंद्रभानने मोबाईल काढून विचारलं, “मालकाचं नाव?” भगवानराव तेवढ्यात ब्रश तोंडात धरून बाहेर आले होते. ते बाजूला थुंकले आणि त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. म्हशीच्या कानाला बिल्ला लागला, संघाच्या ॲपमध्ये भगवानरावांचं नाव लागलं आणि शालूबाईच्या पायावर म्हशीचा पाय पडला. ज्याच्या त्याच्या वाट्याला जे यायचं ते आलं.

म्हशीचं नाव मॅडम. हे नाव लेकीने, छकुलीने, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेवरून ठेवलं होतं, कारण दोघीही आधी कोणाची तरी तक्रार ऐकल्याशिवाय कामाला लागत नसत. म्हशीचं तर हे अक्षरशः खरं होतं. शालूबाई धारेला बसली की सडांना हात लावून बोलायला सुरुवात करायची. “आयकतं का माय, काल तुह्या मालकानं काय केलं...” इथपर्यंत आलं की मॅडम कान मागे टाकायची, रवंथ थांबवायची आणि पान्हा सोडायची. सासू जिवंत होती तेव्हा म्हैस वेळेला दहा लिटर द्यायची. सासू गेल्यावर विषय कमी झाले आणि दूध नऊवर आलं. तेवढं एकट्या भगवानरावांच्या बळावर टिकून होतं.

अशा ह्या म्हशीला घरातून काढायचं भगवानरावांच्या मनात आलं, त्याला कारण घोडा.

जानेफळच्या एका लग्नात त्यांनी वरातीचा घोडा नाचताना पाहिला. पांढरा, कपाळावर तुरा, नाव बादशाह. घोडा दोन पायांवर उभा राहिला तेव्हा भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या लग्नात आलं नव्हतं. घोड्याचा मालक होता शेगावचा राजकुमार. तो म्हणाला, घोडा द्यायचा आहे, पण मला दुभती म्हैस पाहिजे. म्हशीच्या बदल्यात घोडा.

“म्हशीत काय हाये?” भगवानराव घरी येऊन म्हणाले. “घोड्यात इज्जत हाये.”

“मंग उद्यापासून चहात इज्जतच टाका,” शालूबाई म्हणाली.

“अवं, लगनसराईत रोज एक वरात. काई कमी नाही.”

“अन् बाकीचे आठ महिने?”

“बाकीचे आठ महिने थो आराम करन.”

“म्हंजे घरात दोघं झाले,” छकुली वहीतून डोकं न काढता म्हणाली.

भगवानरावांनी तिच्याकडे बापाच्या नजरेने पाहिलं. तिने पान उलटलं.

शालूबाई त्या रात्री जेवली नाही असं काही झालं नाही; ती चांगली जेवली, कारण सकाळी तिला तालुक्याला जायचं होतं. मॅडम गेली तर गोठा रिकामा होणार होता, एवढंच नव्हतं. घरातली तिच्या शब्दाला मान देणारी एकमेव मोठी बाई जाणार होती.

संघाच्या कचेरीत इंद्रभान खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून काम करत होता.

“इंद्रभानभाऊ, म्हशीवर माह्यं नाव टाका.”

“टाकतो ना वहिनी. मालकाची सही आना.”

“मालक तिले देऊन राह्यले, म्हनून तं आली मी.”

“मंग त्याइलेच इचारा ना. म्हना, तुमी इकाच्या अगोदर माह्या नावावर करून द्या.”

“अन् थे काय म्हनतीन?”

इंद्रभानने प्रामाणिकपणे विचार केला. “नाहीच म्हनतीन,” तो म्हणाला, आणि शासकीय नसलेल्या कचेरीत मिळतं तितक्या आपुलकीने तिला पाणी दिलं.

भिंतीवर प्रदर्शनाचं पत्रक चिकटवलेलं होतं. यंदा बायकांसाठी काहीतरी करायचं असं संघाच्या अध्यक्षांनी ठरवलं होतं. त्यामुळे दुधाची स्पर्धा फक्त महिला गटात होती. मागच्या वर्षी एका पैलवानाने धारेसाठी खामगावहून भाड्याचा माणूस आणला होता, म्हणून यंदा दुसरा नियम होता: धार नोंदणीकृत मालकानेच काढायची. दोन्ही नियम आपापल्या जागी उत्तम होते. अडचण एवढीच की अख्ख्या तालुक्यात एकही म्हैस बाईच्या नावावर नव्हती.

स्पर्धा रद्द करावी तर मंडप सांगून झाला होता, पाहुणे ठरले होते आणि ढालीवर स्त्रीची मूर्ती बसवून झाली होती. मग संघाने मधला मार्ग काढला. महिला गटात पुरुष उतरले. सतरा जण. इंद्रभान ॲपमध्ये नावं भरायला बसला तेव्हा ‘पुरुष’ दाबलं की महिला गटाचं पान लाल व्हायचं आणि पुढे सरकायचं नाही. त्याने ‘स्त्री’ दाबलं. सरकलं. त्याने सतरा वेळा दाबलं. पहिल्या वेळी त्याने आजूबाजूला पाहून घेतलं होतं. सतराव्या वेळी तो दुसऱ्या हाताने चहा पीत होता.

राजकुमारने शब्द दिला होता: म्हैस स्पर्धेत, चार माणसांसमोर, एका वेळेला नऊ लिटर देऊ दे, सोमवारी घोडा तुमच्या दारात.

भगवानरावांनी मंगळवारी सरावाला सुरुवात केली. मंगळवारीच तो संपला. ते सडाला हात लावायला वाकले आणि मॅडमने त्यांना बादलीसकट गोठ्याच्या बाहेर पोचवलं.

“ओळखत नाही बे मले!” ते उकिरड्यावरून म्हणाले.

“ओळखते, म्हनून तं,” शालूबाई म्हणाली.

कुंपणापलीकडून बेबीताईचा आवाज आला. बेबीताई शेजारीण, तिच्याकडेही एक म्हैस, ती तिचा नवरा गुलाबराव याच्या नावावर. “शालू वं, आमच्या याइनं कालपासून माह्यं पातळ नेसून धार काढाले घेतली. म्हशीनं सोडलं ना दूध!”

“काय सांगतं बाई!”

“आईशप्पथ. वासानं फसते बिचारी. अन् निऱ्या पाह्यशीन तं माह्यापक्षा झाक! मी तं म्हनलं, आता लग्नाले तुमीच जात जा.”

ही युक्ती भगवानरावांच्या कानावर पडली. शालूबाईने गोठ्यात नेसायचं पातळ द्यायला चक्क नकार दिला. बुधवारी ते खुंटीवरून गायब झालं. पातळ गेलं म्हणजे म्हैस गेली, एवढं तिला कळत होतं. आणि धुतलेलं दुसरं पातळ नेसून तिसरं खुंटीला टांगण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं.

एक आशा होती. पातळाला वास असतो, जीभ नसते.

प्रदर्शनाच्या दिवशी भगवानरावांनी सकाळची धार काढूच दिली नाही. कास भरून राहू दे, म्हणजे आकडा मोठा येईल. मॅडमची कास हंड्यासारखी टरटरली होती. टेम्पोत चढताना ती दोनदा थांबली आणि तिने मागे वळून शालूबाईकडे पाहिलं. शालूबाई टेम्पोत मागे तिच्याजवळ उभी राहिली. भगवानराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर पातळाची पिशवी घेऊन.

मैदानावर सतरा म्हशी आणि सतरा खुंटे. कनातीमागून सतरा पुरुष एकामागून एक बाहेर आले तेव्हा मैदानात क्षणभर इतकी शांतता पसरली की लांब कुठेतरी पापड तळल्याचा आवाज ऐकू आला. कोणी पदर डोक्यावरून घेतला होता, कोणी कमरेला खोचला होता. गुलाबराव सगळ्यांत सफाईने चालत होते. भगवानरावांचं पातळ आखूड पडलं होतं आणि खालून पट्ट्यांची अर्धी चड्डी दिसत होती. एका म्हाताऱ्याने हात जोडले. कशाला, हे त्यालाही सांगता आलं नाही.

अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. ते चष्मा घरी विसरले होते. “समोर बसलेल्या माझ्या माता-भगिनींनो,” ते खुंट्यांकडे हात करून म्हणाले, “तुमच्या हाताला घट्टे आहेत, ते मला इथून दिसतात. तुम्ही पहाटे उठता, शेण काढता आणि श्रेय मात्र घरातला पुरुष घेऊन जातो.” सतरा पदर खाली झुकले. बायका कनातीबाहेर उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शिट्टी झाली. सोळा म्हशींनी कमी-जास्त दूध दिलं. मॅडमने पातळाचा वास घेतला, एक पाऊल पुढे टाकलं, आणि ती थांबली. तिने कान मागे टाकले. ती वाट पाहत होती.

“बोला ना काईतरी!” इंद्रभान घड्याळ धरून कुजबुजला. “वहिनी बोलतात तिच्यासंगं.”

भगवानरावांनी घसा खाकरला. “आयकतं का माय,” ते बारीक आवाज काढून म्हणाले, “तुहा मालक... लय चांगला मानूस हाये.”

मॅडमने कास वर ओढून घेतली.

“कष्टाळू हाये,” भगवानराव म्हणाले. “निर्व्यसनी हाये.”

मॅडमने लाथ उचलून हवेत धरली. सोडली नाही. पुढचं वाक्य ऐकून ठरवणार होती.

राजकुमार कुंपणाला टेकून उभा होता. त्याने मान हलवली. “ही भाकड दिसते,” तो शेजारच्याला म्हणाला.

शालूबाई दोरीपलीकडे उभी होती. तिने फक्त गप्प राहायचं होतं. आणखी तीन मिनिटं. तीन मिनिटांत शिट्टी होईल, राजकुमार घोडा घेऊन जाईल, मॅडम घरी येईल. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न केल्याने तिचं काम होणार होतं, आणि हा लाभ आजवर घरातल्या एकाच माणसाला मिळत आला होता.

तेवढ्यात मॅडम कण्हली. बारीक, वासरासारखी. कालच्या संध्याकाळपासून तुंबलेली कास. सडांवर शिरा उभ्या राहिल्या होत्या. तिने मान वळवून गर्दीत पाहिलं. घरी पोचेपर्यंत असंच राहिलं तर सडात गाठी होतात, हे मैदानातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि एकाही मालकाला नव्हतं.

शालूबाईने तीन मिनिटांतलं एक मिनिट काढलं. दुसरं तिच्याने निघालं नाही.

“आयकतं का माय!” ती दोरीपलीकडून मोठ्याने म्हणाली. “काल तुह्या मालकानं काय केलं? मले म्हने, पान्याचा गिलास दे. अन् गिलास कुठी व्हता? त्याइच्या हाताजोळ!”

पहिली धार बादलीत वाजली.

“बाविसावं वरीस चाललं लग्नाचं! छकुली कितवीत हाये इचारा, सांगता येत नाही! दवाखान्यात नेलं मले, तं डॉक्टरले म्हने, हिले काई झालं नाही, हिची सवयच हाये!”

दोन्ही हातांखाली धार लागली. भगवानराव मान खाली घालून धार काढत होते. काढणं भाग होतं. मैदानात हशा पिकला आणि बादलीत फेस चढला. माईक चालूच राहिला होता. शालूबाई घोड्याच्या विषयावर आली तेव्हा दूध सात लिटरवर गेलं. घोडा दोन पायांवर उभा राहिल्यावर मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगितलं तेव्हा आठ. तेवढ्यात पलीकडून बेबीताईनेही तोंड उघडलं आणि गुलाबरावांच्या म्हशीने, जिची धार संपली होती, आणखी अर्धा लिटर दिलं. मग कोणालाच धरवेना. सतरा जणी दोरीला भिडल्या. सतरा बादल्या पुन्हा वाजू लागल्या. मोजणारा पोरगा दोनदा माप विसरला.

मॅडम साडेनऊ. पहिली.

अध्यक्षांच्या पत्नीने विजेत्याची नारळ-तांदळाने ओटी भरली. भगवानरावांनी पदर पसरला. तो कसा पसरायचा हे त्यांना आपोआप जमलं. प्रशस्तिपत्र मिळालं, मिक्सर मिळाला. राजकुमारने पुढे होऊन हात मिळवला. “सोमवारी घोडा आनतो ताई,” तो म्हणाला. “माफ करा. भाऊ.”

शालूबाई परतीच्या टेम्पोत मॅडमच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मॅडम आता हलकी झाली होती आणि रवंथ करत होती. तिला वाटलं असेल, आज गप्पा छान रंगल्या.

सोमवारी घोडा आला. दारात उभं राहून त्याने एक पाय उचलून दाखवला. अर्धी आळी जमली. इंद्रभान मोबाईल घेऊन आला होता, म्हैस राजकुमारच्या नावावर करायला. त्याने बिल्ल्याचा नंबर टाकला, थांबला, पुन्हा टाकला.

“भगवानभाऊ, एक गडबड हाये.”

“कायची?”

“स्पर्धेत तुमाले बाई दाखोलं ना मी. ते मेन रेकॉर्डात चढलं. आता ॲप म्हनते, मालक स्त्री हाये. स्त्रीले जनावर इकाचं असन तं नवऱ्याचं संमतीपत्र जोडा.”

“कोनाचं?”

“तुमच्या नवऱ्याचं.”

घोड्याने दुसरा पाय उचलला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

“मी बाप्या हाये बे!” भगवानराव ओरडले. “दिसत नाही काय तुले?”

“मले दिसते. याले नाही दिसत,” इंद्रभान मोबाईलकडे बोट करून म्हणाला.

“मंग बदल ना थे!”

“बदलाले बी नवऱ्याची सही लागते.”

“अन् नवरा नसन तं?”

“मंग भावाची. नाहीतर बापाची. तुमाले भाऊ नाही, अन् बाबाजी तं वारले. आमच्याकडं बाईनं एकटीनं सही कराचा पर्यायच नाही ना.” इंद्रभानने खांदे उडवले. “आजलोक कोनी तक्रारच नाही केली.”

“नियम बोगस हाये हा!” भगवानराव म्हणाले. “आपलीच म्हैस, अन् दुसऱ्याची सही? हा काय न्याय झाला?”

शालूबाई चुलीपाशी होती. तिने हे वाक्य ऐकलं, हात पुसले आणि बाहेर आली.

राजकुमार व्यवहारी माणूस. तो म्हणाला, “वहिनी, तुमीच करून टाका ना सही. नवऱ्याच्या जागी. कोन पाहते? लग्न तं झालेलंच हाये तुमचं याइच्यासंगं.”

इंद्रभानने डोकं खाजवलं. “चालन,” तो म्हणाला. “रेकॉर्डात या बाई हायेत. त्याइच्यासंगं ज्याचं लग्न झालं थो नवराच असन ना.”

सगळे शालूबाईकडे पाहू लागले. भगवानरावांनीही पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी तिला बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या, मागितलं कधी काही नव्हतं.

“कर ना वं,” ते हळूच म्हणाले.

शालूबाई ओसरीतल्या खुर्चीत बसली. ही भगवानरावांची खुर्ची. बसायला चांगली होती; पाठीला उशी होती. तिने पाय लांब केले.

“इचार करून सांगतो,” ती म्हणाली.

“कधी सांगशीन?”

“पाहू. दिवाई होऊ द्या. एवढी काय घाई हाये? बाईच्या जातीनं व्यवहारात पडू नये.” मग तिने आत पाहून आवाज दिला, कोणाला ते स्पष्ट नव्हतं. “चहा कोन ठेवून राह्यलं?”

भगवानराव आत गेले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, मग साखर कुठे आहे असं विचारल्याचा. ती हाताजवळच होती.

चहा वाईट झाला होता. सगळ्यांनी घेतला. तेवढ्या वेळात घोड्याने मॅडमचं टोपलंभर कुटार खाल्लं आणि मॅडमने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दोन्ही पाय खाली ठेवले ते पुन्हा उचलले नाहीत. ऊन चढायच्या आत राजकुमार त्याला घेऊन शेगावला गेला. दिवाळीपर्यंत थांबायला त्याला परवडत नव्हतं.

गावातल्या बाकीच्या मालकांना ही गोष्ट दुपारी कळली. रेकॉर्ड दुरुस्त करायचं तर आपण पातळ नेसून स्पर्धेत उतरलो होतो, हे लिहून द्यावं लागणार होतं. त्यांनी देवळात बैठक घेतली आणि यंदा प्रदर्शन भरलंच नाही असं एकमताने ठरलं. ठराव लिहिला नाही.

शालूबाई बैठकीला नव्हती. ती धारेला बसली होती. धार झाल्यावर तिने छकुलीला वही आणायला सांगितली, ती सांगत गेली आणि छकुलीने ते शाळेतल्या भाषेत लिहून काढलं:

*प्रति,*
*मा. अध्यक्ष, तालुका पशुधन संघ.*

*विषय : पती म्हणून नोंद होऊन मिळणेबाबत.*

*महोदय,*
*उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, आपल्या अभिलेखात श्री. भगवान खर्चे यांची नोंद ‘स्त्री’ अशी असून त्यांना पती नाही. अर्जदार मागील बावीस वर्षांपासून त्यांच्याच घरी राहते, त्यांचे जेवणखाण व औषधपाणी पाहते, त्यामुळे सदर जागेसाठी आवश्यक तो अनुभव अर्जदारास आहे. तरी अर्जदाराची नोंद श्री. भगवान यांचे पती म्हणून लग्नाच्या तारखेपासून पूर्वलक्षी प्रभावाने करण्यात यावी. त्यांच्या ताब्यातील म्हैस पतीच्या नावे वर्ग करण्यात यावी. आणि पती या नात्याने अर्जदारास या बावीस वर्षांत देय असलेली, परंतु अद्याप न मिळालेली सकाळी आठ वाजेपर्यंतची झोप फरकासह एकरकमी मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.*